चेहरा कुणाचा, नाव कुणाचं?

१७५२ साली फ्रान्समध्ये लजांद्र आडनावाची दोन मुलं जन्माला आली. एक अद्रियाँ-मारी. हा पुढे मोठा गणितज्ञ झाला. मोजमापांतल्या चुका सावरून घेणारी 'किमान वर्गांची पद्धत' त्याने १८०५ मध्ये छापली, आणि आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचंही नाव आहे. दुसरा लुई. हा पॅरिसमधला खाटीक. क्रांतीच्या धामधुमीत राजकारणात शिरला आणि १७९७ मध्ये वारला. दोघांचं नातंगोतं काही नाही. तरीही गणिताच्या पुस्तकांत, लेखांत, नंतर संगणकाच्या पडद्यावर 'थोर गणितज्ञ लजांद्र' म्हणून जो चेहरा पिढ्यान् पिढ्या छापला गेला, तो लुईचा होता.

घोळ झाला तो असा. लुईचं एका बाजूने काढलेलं चित्र होतं आणि त्याखाली नुसतं 'लजांद्र' लिहिलेलं होतं. ज्या संग्रहात ते होतं त्यात लाग्रांजसारख्या गणितज्ञांचीही चित्रं होती, तेव्हा हाही गणितज्ञच असणार असं कुणीतरी धरून चाललं. पुढच्याने त्याच्यावरून उचललं, त्याच्या पुढच्याने त्याच्यावरून. चूक ध्यानात आली २००५ मध्ये.

मला यात सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे की कुणीही खोटेपणा केला नव्हता. चित्र अस्सल होतं. प्रती काढणाऱ्यांनी त्या इमानेइतबारे काढल्या. चुकली फक्त चित्राखालची ओळ, आणि नेमकी तीच कुणी तपासली नाही. नाकडोळ्यांकडे सगळे बघत राहिले.

इतिहासातल्या माणसांचे चेहरे आपल्या डोक्यात कुठून येतात, हे समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात केलेली बरी. आपण माणूस पाहिलेला नसतो. बहुतेक वेळा त्याचं मूळ चित्रही पाहिलेलं नसतं. ते एखाद्या संग्रहालयाच्या भिंतीवर असतं, नाहीतर तळघरातल्या कपाटात. आपण पाहतो त्याचा फोटो, त्या फोटोवरून झालेली छपाई, त्या छपाईचं स्कॅन. शेक्सपिअर आठवून पाहा. मोठं कपाळ, ताठ पांढरी कॉलर डोळ्यांसमोर येते. ते कोरीवचित्र १६२३ मध्ये छापलं गेलं, तो वारल्यावर सात वर्षांनी. कोलंबसचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र तर १५१९ चं म्हणून ओळखलं जातं, आणि कोलंबस गेला १५०६ मध्ये. त्याला समोर बसवून काढलेलं एकही खात्रीचं चित्र नाही.

प्रत काढताना दरवेळी कुणीतरी काहीतरी ठरवतं: किती भाग घ्यायचा, उजेड किती, कोणती बाजू डावीकडे, खाली काय लिहायचं. काही गोष्टी तर कुणी न ठरवताच होऊन जातात, यंत्राच्या आणि रसायनांच्या स्वभावामुळे. आधी रसायनांचंच घेऊ, कारण फोटो म्हणजे आरसा असा जो आपला समज असतो त्याला तिथेच पहिला तडा जातो.

सुरुवातीच्या फोटोच्या काचांना फक्त निळा आणि जांभळ्याच्या पलीकडचा उजेड कळायचा. तांबडा त्यांच्या लेखी अंधारच. त्यामुळे निळं आकाश पांढरंफटक यायचं, लाल कापड काळंकुट्ट. गालावरचे वांग आणि तांबूस डाग प्रत्यक्षात जेमतेम दिसत असले तरी फोटोत उठून दिसायचे. निळ्या डोळ्यांच्या माणसांची तर पंचाईतच. त्यांची बुबुळं इतकी फिकट यायची की नजर भेदक, थोडी वेडसर वाटावी. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी सेनापतींबद्दल आणि धर्मोपदेशकांबद्दल 'काय ती धारदार नजर' असं आपण म्हणतो, त्यातली थोडी धार रसायनाची असते. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाला काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं की तिला हिरवाही कळू लागतो, हे सापडलं. सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ उजाडलं.

आता याच काचेसमोर माणसाऐवजी तैलचित्र ठेवलं तर? निळा झगा पांढरा पडतो, पिवळट तपकिरी सावल्या काजळी धरल्यासारख्या होतात. म्हणून त्या काळी अनेक फोटोग्राफर तैलचित्राचा थेट फोटो घ्यायचं टाळत. त्या चित्रावरून कुणीतरी कोरलेली काळी-पांढरी छपाई समोर ठेवत आणि तिचा फोटो घेत. म्हणजे लोकांनी 'अमक्या राजाच्या चित्राचा फोटो' म्हणून विकत घेतला, तो बरेचदा नकलेच्या नकलेचा असे. हा परिणाम घरबसल्या बघता येतो. फोनवरच्या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये चित्र काळं-पांढरं करताना निळा फिल्टर लावा. ओठ काळे पडतात, चेहरा दहा वर्षांनी म्हातारा होतो.

दुसरी भानगड डाव्या-उजव्याची. हिचं सगळ्यात छान उदाहरण एका बंदुकीत आहे.

बिली द किड हा अमेरिकेतला तरुण गुंड. ज्याबद्दल वाद नाही असा त्याचा जुना फोटो म्हटला की एकच डोळ्यांसमोर येतो, १८७९-८० च्या सुमाराला न्यू मेक्सिकोत फोर्ट समनर इथे काढलेला. चुरगळलेली टोपी, ढगळ स्वेटर, हाताशी रायफल आणि डाव्या कमरेला पिस्तूल. त्यावरून ठरलं की तो डावखुरा. हे इतकं पक्कं झालं की १९५८ मध्ये त्याच्यावर निघालेल्या चित्रपटाचं नावच डावखुऱ्या बंदुकीवरून ठेवलं गेलं. पण तो फोटो लोखंडाच्या पातळ पत्र्यावरचा आहे. त्या पद्धतीत निगेटिव्ह नसते. भिंगातून आलेली प्रतिमा थेट पत्र्यावर उमटते आणि आरशातल्यासारखी उलटी राहते. मग हे कळलं कसं? रायफलीवरून. ती विंचेस्टर कंपनीची १८७३ ची बनावट. तिच्यात गोळ्या भरायची झडप उजव्या अंगाला असते आणि फोटोत ती डाव्या अंगाला दिसते. पत्रा आरशात धरला की झडप जागेवर येते आणि पिस्तूलही मुकाट्याने उजव्या कमरेला जातं. त्याच्या कोटाची गुंडी किंवा भांगाची बाजू पाहून कुणी इतक्या ठामपणे बोलू शकलं नसतं. कारखान्यातून निघालेली बंदूक मात्र कुणाच्या सोयीसाठी झडप बदलत नाही.

उलटापालटीचा दुसरा मासला लिंकनच्या चेहऱ्यावर आहे, अगदी अक्षरशः. त्याच्या उजव्या गालावर चामखीळ होती. तो मारला गेल्यानंतर बाजारात एक रुबाबदार उभं चित्र आलं: झगा, टेबल, कागदपत्रं, आणि वर लिंकनचं डोकं. खूप वर्षांनी एका छायाचित्र-संपादकाच्या लक्षात आलं की चामखीळ भलत्याच गालावर आहे. खोदत गेल्यावर कळलं की धड मुळात जॉन कॅलहूनचं होतं, दक्षिणेतल्या पुढाऱ्याचं, आणि हा कॅलहून गुलामगिरीचा कट्टर कैवारी. जुन्या छपाईवर लिंकनच्या फोटोवरून घेतलेलं डोकं उलटं करून बसवलं होतं. टेबलावरच्या कागदांवरचे शब्दही बदलले होते. कॅलहूनच्या चित्रात जिथे राज्यांच्या सार्वभौमत्वाचा उल्लेख होता, तिथे आता स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला होता. असं का केलं? लिंकन उंच, काटकुळा, अवघडल्यासारखा उभा राहणारा. वीरपुरुषासारखं उभं चित्र लोकांना हवं होतं आणि तयार नव्हतं. बाजार थांबायला तयार नव्हता.

कापाकापीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांनाच ठाऊक असते. चे गेव्हाराचा तारा लावलेल्या टोपीतला फोटो अल्बेर्तो कोर्दाने ५ मार्च १९६० रोजी हवानात घेतला. मूळ चौकटीत एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आहे, दुसऱ्या बाजूला झाडाची पानं. दोन्ही कापल्यावर उरला तो क्षितिजाकडे पाहणारा क्रांतिकारक. प्रत्यक्षात तो उभा होता बंदरातल्या जहाजस्फोटात मेलेल्यांच्या शोकसभेत. नजरेत भविष्य होतं की राग की नुसतं दुःख, ते सांगणारा संदर्भ पानांबरोबर गेला. आइन्स्टाइनचा जीभ काढलेला फोटो १९५१ चा, त्याच्या ७२ व्या वाढदिवसाचा. त्यात तो मोटारीत दोन माणसांच्या मधे बसलेला आहे. इथे मजा अशी की शेजारचे कापून टाकलेल्या प्रती आइन्स्टाइनने स्वतःच मागवून मित्रांना पाठवल्या.

डागडुजी हा प्रकार त्याहून हळुवार, म्हणून जास्त फसवा. जेन ऑस्टिनचा चेहरा दाखवणारं जवळपास एकमेव समकालीन चित्र म्हणजे तिच्या बहिणीने १८१० च्या सुमाराला काढलेलं छोटं, अर्धवट रेखाटन. हाताची घडी, ओठ आवळलेले, जरा वैतागलेली बाई. लेखिका वारल्यावर पन्नासेक वर्षांनी तिच्या भाच्याने तिच्या आठवणी छापायला घेतल्या, तेव्हा त्यावरून नवं चित्र करवून घेतलं आणि १८७० मध्ये ते कोरून छापलं. डोळे मोठे झाले, चेहरा गोलसर झाला, ओठांजवळची कडवट रेघ गेली. २०१७ मध्ये ब्रिटनच्या १० पौंडांच्या नोटेवर आली ती हीच गोंडस आवृत्ती. एमिली डिकिन्सनचंही तसंच. तिचा खात्रीचा एकच फोटो आहे, १८४७ च्या आसपासचा, वयाच्या सोळाव्या वर्षीचा. साधा गडद पोशाख, केस चापूनचोपून बसवलेले. हे काही बरं दिसत नाही असं घरच्यांना वाटलं, म्हणून छापताना त्यात गळ्याभोवती झालर आणि कुरळे केस रंगवले गेले. बराच काळ वाचकांना तीच झालरवाली कवयित्री ठाऊक होती. मला विचाराल तर त्या वैतागलेल्या ऑस्टिनला नोटेवरून हद्दपार केलं हे वाईट झालं. तिच्या कादंबऱ्यांतला तिरकस सूर त्या आवळलेल्या ओठांशीच जुळतो.

आता वयाकडे येऊ. याबद्दल फारसं बोललं जात नाही, आणि मला तर स्मृतीवर याचाच पगडा सगळ्यात मोठा वाटतो.

डार्विन म्हटला की पांढरी दाढी. ज्युलिया मार्गारेट कॅमेरनने १८६८ मध्ये त्याचा फोटो काढला, तो आणि त्यानंतरचे फोटो-चित्रं ऋषीसारखी आहेत. पण बीगल जहाजावर चढला तेव्हा तो २२ वर्षांचा होता, आणि १८५९ मध्ये त्याचा मुख्य ग्रंथ आला तेव्हा ५० वर्षांचा. तेव्हाही ती दाढी नव्हती, फक्त कल्ले होते. दाढी वाढवली १८६२ च्या सुमाराला. जहाजावर उलट्या करत पडलेला, बेडूक आणि किडे गोळा करणारा, वडिलांना खर्च कळवायला बिचकणारा पोरगा आपल्या डोळ्यांसमोर येतच नाही. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये ते चार गाजलेले शोधनिबंध लिहिले तेव्हा तो २६ वर्षांचा, काळ्या मिशांचा, पेटंट कचेरीतला कारकून होता. केस पिंजारलेला म्हातारा ही त्याच्या प्रसिद्धीनंतरची आवृत्ती. माणूस प्रसिद्ध झाल्यावर त्याचे फोटो वाढतात आणि प्रसिद्धी बहुधा उतारवयात येते. म्हणून संग्रहात म्हातारपण जास्त साठतं. मग शाळेतली मुलं असं धरून चालतात की मोठं काम पिकलेल्या केसांची माणसंच करतात. यात कुणाचा डाव नाही. उपलब्धतेचा हिशेब आहे.

पण कुठला चेहरा पसरतो? इथे चांगल्या-वाईटापेक्षा स्वस्त आणि सोपं जास्त महत्त्वाचं ठरतं. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घ्यायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. भेटपत्राएवढे, साधारण ६ बाय ९ सेंटिमीटरचे हे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून विकले जात. राण्या, सेनापती, नट यांचे फोटो लोक विकत घेऊन घरच्या माणसांच्या शेजारी अल्बममध्ये लावू लागले. वर्तमानपत्रांना मात्र अजून फोटो छापता येत नव्हता. लाकडावर कोरणारा कारागीर फोटो बघून ठसा करायचा आणि खाली 'फोटोवरून' असं लिहिलं जायचं. बारीक ठिपक्यांत फोडून फोटो थेट छापायची सोय न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने १८८० मध्ये वापरून दाखवली.

लिंकनला या यंत्रणेचं महत्त्व लवकर उमगलं. २७ फेब्रुवारी १८६० रोजी, न्यूयॉर्कमधल्या मोठ्या भाषणाच्या दिवशी, तो मॅथ्यू ब्रेडीच्या स्टुडिओत गेला. लांब मान झाकावी म्हणून ब्रेडीने कॉलर वर ओढायला लावली. तो फोटो लाकडी ठशांतून, छोट्या पुठ्ठ्यांतून, निवडणुकीच्या बिल्ल्यांतून देशभर गेला. दाढी तेव्हा नव्हती. ती ठेवावी असं ऑक्टोबरमध्ये एका ११ वर्षांच्या मुलीने पत्रातून सुचवलं होतं. आज अमेरिकेच्या ५ डॉलरच्या नोटेवर आणि १ सेंटच्या नाण्यावर जो दाढीवाला लिंकन आहे तो ब्रेडीच्याच वॉशिंग्टनमधल्या स्टुडिओत, ९ फेब्रुवारी १८६४ रोजी अँथनी बर्जरने घेतलेल्या फोटोंवरून आलेला आहे. एका दिवसाची बैठक, आणि राष्ट्राच्या खिशात कायमचा चेहरा.

ज्यांच्या चेहऱ्याची दुसऱ्यांनी टिंगलच केली होती, त्यांनी ही यंत्रणा आणखी डोळसपणे वापरली. फ्रेडरिक डग्लस गुलामगिरीतून पळालेला वक्ता आणि लेखक. गोरे चित्रकार काळ्या माणसाचं निःपक्ष चित्र काढूच शकत नाहीत, असं त्याने १८४९ मध्ये लिहिलं. मग तो आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर बसत राहिला. त्याचे सुमारे १६० वेगवेगळे फोटो आज मोजता येतात, लिंकनपेक्षाही जास्त. जवळजवळ सगळ्यांत तो गंभीर आहे, कारण दात विचकणाऱ्या गुलामाचं व्यंगचित्र त्याला पुसायचं होतं. सोजर्नर ट्रुथ हीसुद्धा गुलामगिरीत जन्मलेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण स्वतःचे फोटो विकून ती पोट भरायची आणि चळवळ चालवायची. १८६४ मध्ये त्या फोटोंचे हक्क तिने स्वतःच्या नावावर नोंदवले. त्या काळी हक्क बहुधा फोटोग्राफरचे असत. फोटोखाली छापलेली ओळ तिची होती. ती मराठीत आणायची तर 'काया जगवण्यासाठी मी छाया विकते' अशी येईल. आपल्याकडे फोटोला छायाचित्र म्हणतात, त्यामुळे ही ओळ मूळ भाषेपेक्षा मराठीत जास्त शोभते असं मला उगाच वाटतं.

हक्कांचा हा धागा आजही सुटलेला नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या चित्रावर कुणाचा हक्क उरलेला नसतो. पण त्या चित्राचा जो फोटो संग्रहालयाने काढला, त्यावर? न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं की सपाट चित्राची हुबेहूब प्रत काढण्यात नवनिर्मिती नसते, म्हणून नवा हक्कही नाही. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीचं मत वेगळं होतं. तिच्या संकेतस्थळावरून ३,००० हून जास्त चित्रांचे फोटो उतरवून मुक्त संग्रहात टाकणाऱ्या एका माणसाला तिने २००९ मध्ये वकिलांचं पत्र धाडलं. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात न्यूयॉर्कच्या निकालाशी जुळणारी भूमिका घेतली. वाद वकिलांचा वाटतो, पण त्याचा परिणाम तुमच्या-माझ्या डोक्यात होतो. जी प्रत फुकट आणि विनापरवाना मिळते, ती विश्वकोशात जाते, तिथून शाळेच्या प्रकल्पात, तिथून बातमीत. उत्तम चित्र कुलपात असेल तर सुमार चित्र त्या माणसाचा चेहरा बनतं.

आणि आता रंग भरणारी यंत्रं आली आहेत. करडी छटा मूळच्या कितीतरी रंगांची असू शकते, त्यामुळे यंत्र अंदाज बांधतं. वर सांगितलेली जुनी काच आठवा: तिने लाल शाल काळी केली होती. यंत्राला काळी दिसते, म्हणून ते काळीच रंगवतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या रसायनाची चूक आज रंगीत होऊन, पटण्यासारखी होऊन परत येते.

चेहराच नसेल तर काय होतं, ते रॉबर्ट हूकच्या बाबतीत दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप पाहून 'सेल' हा शब्द ज्याने दिला तो हा हूक, १७०३ मध्ये वारला. त्याचं सर्वमान्य असं एकही चित्र आज नाही. २००३ मध्ये एका चरित्राच्या मुखपृष्ठावर त्याचा म्हणून एक चेहरा झळकला. तो फान हेल्मोंट या दुसऱ्याच शास्त्रज्ञाचा निघाला. मात्र हूकला ओळखणाऱ्या जॉन ऑब्रीने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे: मध्यम उंची, अंगाने जरा वाकडा, फिकट चेहरा, मोठे बाहेर आलेले करडे डोळे, आणि तपकिरी केसांची सुरेख कुरळी वळणं. अलीकडे एका इंग्रज चित्रकर्तीने अशा वर्णनांवरून हूकची नवी चित्रं रंगवली आणि कुणीही वापरावीत म्हणून खुली केली. साहजिकच ती पसरली. आता हूकचं नाव शोधलं की तपकिरी कुरळ्या केसांचा एक माणूस समोर येतो. चित्र एकविसाव्या शतकातलं आहे हे काही ठिकाणी लिहिलेलं असतं. बाकीच्या ठिकाणी खाली नुसतं 'हूक' असतं.